ब्रदर, घरी कधी सोडणार?

माझ्या लग्नाचं बघायला चालू होतं तेव्हा आईने बायोडेटात 'सरकारी नोकरी, स्टाफ नर्स' एवढंच टाकलं होतं. कुठलं हॉस्पिटल ते मुद्दाम गाळलेलं, विचारलं तर सांगू म्हणाली. विचारायचेच सगळे. आणि मनोरुग्णालय म्हटलं की समोरचे काका चहाचा कप खाली ठेवून असे बघायचे की मी तिथे कामाला नाही, दोन दिवसाच्या सुट्टीवर सोडलेला पेशंट आहे. एकाने तर फार काळजीने विचारलं, "म्हणजे सारखं त्यांच्यात राहून तुम्हाला काही होत नाही ना?" नाही हो काका, लागण होत नाही त्याची. (आता लग्न झालंय, बायको पण नर्सच आहे, सुटला प्रश्न.)

बाकी लोक दोनच गोष्टी विचारतात. पेशंट मारतात का, आणि तुम्ही पेशंटला मारता का. पहिल्याचं उत्तर, कधीतरी होतं, पण आधी मी कॅज्युअल्टीला होतो तिथे दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांनी जेवढे धक्के आणि शिव्या दिल्या त्याच्या निम्म्या पण इथे नाही खाल्ल्या. दुसऱ्याचं उत्तर नाही. हा प्रश्न पिक्चर बघून येतो हे कळतं मला, तरी डोकं फिरतं.

महाराष्ट्रात जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार, नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१ आणि येरवडा १९१५, सगळी इंग्रजांच्या काळातली, आणि त्यातल्या दोघांच्या नावाने तर आपण शाळेत एकमेकांना चिडवायचो. याशिवाय मेडिकल कॉलेजांचे वॉर्ड आहेत, प्रायव्हेट आहेत. मी कुठे आहे ते सोडा, नोकरी करायचीय अजून.

माझा एक मित्र कॅलिफोर्नियात नर्स आहे, तो सांगतो तिकडे ह्या कामाला वेगळं लायसन्सच असतं, सायकियाट्रिक टेक्निशियन म्हणून, वेगळा कोर्स, वेगळी परीक्षा. आपल्याकडे मधलं काही नाही. एकतर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी करून आलेले आम्ही ब्रदर-सिस्टर, नाहीतर मग वर्ग चारचे मामा आणि मावश्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया. जीएनएमला सायकियाट्रीची पोस्टिंग असते थोडे दिवस, आणि त्यातला अर्धा वेळ चार्ट पेपरवर स्किझोफ्रेनियाची लक्षणं रंगीत स्केचपेनने काढण्यात जातो. मी खरं काम शिकलो ते आमच्या वॉर्डातल्या मामांकडून. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, रिटायर व्हायला आलेला, पण पेशंट दारातून आत आला की नुसतं चालणं बघून सांगणार की ह्याला आज रात्री झोप लागणार नाही.

डॉक्टर राऊंडला येतात, एका पेशंटमागे पाच मिनिटं मिळाली तर डोक्यावरून पाणी. (डॉक्टरांचा दोष नाही त्यात, ओपीडीत बाहेर लाईन लागलेली असते.) आमचे मात्र आठ तास. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे, आणि यावर मी आमच्या एका मॅडमशी चांगला वाद पण घातलाय, की ट्रीटमेंट लिहिली जाते राऊंडला, पण ती लागू पडतेय की उलटी पडतेय हे कळतं बाथरूमपाशी, जेवणाच्या लाईनीत आणि रात्री दोन वाजता. मॅडम म्हणाल्या मग लिहून ठेवत जा ना. ते बरोबर होतं त्यांचं.

म्हणून मी ओव्हरच्या बाबतीत जाम खडूस आहे. शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला ओव्हर देतो, त्यात कुणी 'ऑल पेशंट स्टेबल' म्हटलं की मी समजतो ह्याने काही बघितलेलं नाही. मामांची ओव्हर ऐका. "तीन नंबर चपाती मोडून खिशात भरतोय. सात नंबर आज स्वतःहून आंघोळीला गेला, साबण मागितला. आणि ते नवीन पोरगं सकाळपासून आपलं सामान वाटतंय, टॉवेल ह्याला दिला, बनियन त्याला." बास. तिसरं वाक्य ऐकल्यावर त्या रात्री मी खुर्ची त्या पोराच्या बेडशेजारी लावली आणि डॉक्टरांना फोन केला. खूप दिवस नुसता पडून असलेला डिप्रेशनचा पेशंट एकाएकी शांत, हसरा झाला आणि निरवानिरव करायला लागला की नातेवाईक पेढे आणतात, आम्ही मात्र डोळे उघडे ठेवतो. त्या पोराने नंतर सगळं सांगितलं डॉक्टरांना, काय डोक्यात होतं ते. आता घरी आहे, फॉलोअपला येतो.

गोळ्यांचं सांगतो. संध्याकाळी ट्रॉली घेऊन निघालो की लाईन लागते. नाव, गोळी, पाणी, आ करा, जीभ वर, जीभ बाहेर, गाल दाखवा. एवढं करून पण गोळी चुकवणारे कलाकार असतात. हिरडीच्या वरच्या बाजूला चिकटवतात, पाण्याच्या ग्लासात परत सोडतात, एक जण तर दाढेतल्या पोकळीत बसवायचा. मी एक युक्ती केलीय, गोळी दिली की लगेच पुढे जात नाही, गप्पा मारतो. साताऱ्याकडचे एक काका होते, त्यांना म्हटलं तुमच्या जिल्ह्यातले तालुके सांगा बरं सगळे. ते सुरू, सातारा, कराड, पाटण, वाई, जावळी... आणि महाबळेश्वरला जीभ अडखळली. म्हटलं काका, महाबळेश्वरात काय अडकलंय? हसले, गोळी काढून हातावर ठेवली, परत पाण्याबरोबर घेतली, आणि खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून त्यांची गोळी बदलून घेतली, तोंडात ठेवली की विरघळणारी येते ओलॅन्झापिनची, ती सुरू केली. ज्यांना रोजची कटकटच नको त्यांच्यासाठी डेपो इंजेक्शन असतं, दोन ते चार आठवड्यांतून एकदा.

पण गोळी लपवतो म्हणजे पेशंट येडा आहे असं नाहीये. अंग आखडतं, दिवसभर गुंगी, वजन वाढतं, पोरं लाजत सांगतात की बायकोजवळ जाता येत नाही. मी असतो तर मी पण लपवली असती कदाचित.

आता उलटं पडण्याचं. एका विशीतल्या पोराला रात्री हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भास-भ्रमावरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं होतं, सकाळी बघतो तर मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर चढलेले, जबडा घट्ट, बोलता येईना. आई भेटायला आलेली, तिने बघितलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली, अंगात आलं म्हणे, परत तेच आलं. ह्या बाईने आमच्याकडे यायच्या आधी गाणगापूर आणि सैलानी दोन्ही केलेलं होतं. तिला बाजूला बसवलं, म्हटलं मावशी, हे अंगात बिंगात काही नाही, काल दिलेल्या औषधाचं आहे, बघा तुम्ही इथेच बसून. डॉक्टरांना बोलावलं, फेनरगनचं इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात मान सरळ, पोरगं म्हणतं ब्रदर भूक लागली. त्या माऊलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिला दहा वर्षं भाषण देऊन जे पटलं नसतं ते त्या अर्ध्या तासात पटलं, कारण आणलं पण औषधाने आणि घालवलं पण औषधानेच. तरुण पोरांमध्ये हे जास्त होतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत बघायचं असतं. आणि त्याच्या केसपेपरवर लाल पेनने लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच.

क्लोझापिनची तर वेगळीच तऱ्हा. बाकी औषधांनी काही झालं नाही अशा पेशंटला ही गोळी खरंच माणसात आणते, मी बघितलंय, दोन वर्षं भिंतीशी बोलणारा माणूस एक दिवस मला विचारतो तुमचं गाव कुठलं. पण सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पडू शकतात. तोंडातून लाळ एवढी गळते की उशी ओली, म्हणून उशीवर टॉवेल. आणि बद्धकोष्ठ. हसू नका, हे सगळ्यात सीरियस आहे, आतडं बंद पडून माणूस जाऊ शकतो. त्यामुळे सकाळी माझा पहिला प्रश्न 'गुड मॉर्निंग' नसतो, 'संडासला झाली का' असतो, आणि ते मी वहीत लिहितो. आणखी एक गंमत, बाहेर रोज बंडल-दोन बंडल बिडी ओढणारा माणूस इथे आला की बिडी बंद, आणि बिडीचा धूर बंद झाला की ह्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. डोस तोच पण माणूस दिवसभर झोपलेला. नुसता तंबाखू मळून खाणाऱ्याला असं होत नाही, खेळ धुराचा आहे. त्यामुळे ॲडमिशनला मी विचारतोच, ओढता का खाता?

पाण्याचं पण सांगतो कारण बाहेर कुणाला खरं वाटत नाही. काही जुने पेशंट नळाला तोंड लावतात ते सोडत नाहीत. बादलीतलं, टाकीतलं, मिळेल तिथलं. जास्त पाणी प्यायलं तर काय बिघडतं असं वाटेल, पण रक्तातलं सोडियम पडतं आणि फिट येते. आमच्याकडे एकाचं सकाळ-संध्याकाळ वजन करायचो, संध्याकाळी तीन-चार किलो वाढलेलं असलं की समजायचं दुपारी नळ गाठला. उलट मे महिन्यात लिथियमवाल्यांच्या (मूड टोकाला जाऊ नये म्हणून द्यायची ही गोळी) मागे तांब्या घेऊन फिरायचं, घामाने पाणी-मीठ कमी झालं की लिथियम अंगात साठतं, हात लटपटतात, जुलाब, चालताना झोक जातो. म्हणजे एकाला पाणी पिऊ नको म्हणायचं आणि शेजारच्याला पी रे बाबा म्हणायचं, दोघं एकमेकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात, की ह्यालाच ॲडमिट करा.

बरं, मारामारी. ज्याची सगळ्यांना उत्सुकता. पेशंट चिडतो तेव्हा अचानक चिडतो असं क्वचितच असतं, आधी तासभर येरझाऱ्या वाढलेल्या असतात, आवाज चढलेला असतो, जेवण टाकलेलं असतं. तेव्हाच कुणीतरी जाऊन बोललं तर निम्म्या वेळा तिथेच मिटतं. समोर छाती काढून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं, हाताच्या अंतराबाहेर, आपल्यामागे दार मोकळं. गळ्यातलं आयकार्ड काढायचं, खिशातलं पेन काढायचं. बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी गप्प. सगळे मिळून 'शांत हो, शांत हो' ओरडायला लागले की देव पण शांत होणार नाही. मागून जाऊन धरायचं तर अजिबात नाही, ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्याला मारायला टपलेत त्याला मागून हात लावणं म्हणजे त्याचं म्हणणं खरं करून दाखवणं.

आणि बांधणं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०१८ पासून लागू झाला. साखळीने बांधायला कुठल्याही परिस्थितीत बंदी. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागून २८ जण गेले, साखळदंडाने बांधलेले होते, पळता नाही आलं. साखळीचं नाव काढलं की मला तेच आठवतं. साध्या पट्ट्याने सुद्धा बांधायचं तर दुसरा काहीच उपाय नसेल आणि लगेच धोका असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या परवानगीने, नोंद करून, आणि पेशंटने नेमलेल्या माणसाला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून नाही. आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच, हे कायद्यात चक्क लिहिलंय. वाचून मला हसूच आलं. स्टाफ भरा हे पण तेवढंच चक्क कुठेतरी लिहून त्याची अंमलबजावणी झाली असती तर बरं झालं असतं. नाईटला अख्ख्या वॉर्डाला एक ब्रदर आणि एक मामा, मामा पण कधी कधी कंत्राटी, दोन-दोन महिने पगार न झालेला, आणि त्याच्याकडून अपेक्षा की पेशंट खेकसला तरी त्याने गोड बोलायचं. बोलतो पण बिचारा.

शॉक ट्रीटमेंट म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिल्याशिवाय शॉक द्यायला कायद्याने बंदी आहे. रात्रीपासून उपाशी, सकाळी लघवी करून घ्यायची, कवळी काढायची, दातात रबरी गार्ड. एका पायाला घोट्याच्या वर बीपीचा पट्टा फुगवून बांधतात म्हणजे ते सैल करणारं औषध त्या पावलात पोचत नाही, आणि मग अख्खं शरीर शांत पडलेलं आणि फक्त ते एक पाऊल थरथरतंय, त्यावरून घड्याळ लावून मोजतात झटका किती सेकंद चालला. बघायला आलेले स्टुडंट निराश होतात, एवढंच? एवढंच. नंतरचं काम आमचं, शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला असतो, कुठे आहे कळत नाही, तेव्हा शेजारी बसून नाव घेऊन सांगत राहायचं, तुम्ही हॉस्पिटलात आहात, आज गुरुवार, आता चहा मिळेल. खाणंपिणं सोडून निपचित पडलेल्या बाईला तीन-चार शॉकनंतर स्वतःच्या हाताने वरण-भात खाताना बघितलंय, त्यामुळे मला त्याची भीती वगैरे काही वाटत नाही. उगीच नाव बदनाम आहे.

ज्याने खरंच त्रास होतो तो भाग वेगळाच आहे. 'ब्रदर, घरी कधी सोडणार?' हे मी रोज ऐकतो, आणि काही जणांच्या बाबतीत डॉक्टरांनी सोडलेलं असतं, घरचे नेत नसतात. ॲडमिट करताना दिलेला पत्ता निम्मा, मोबाईल स्विच ऑफ. सोशल वर्कर मॅडम गावात जाऊन येतात तर घर विकलेलं, भाऊ म्हणतो आम्ही त्याला कधीच विसरलो. सातबाऱ्यावरून नाव काढलेलं असतं बऱ्याचदा, ते असं बोलत नाही कुणी पण आम्हाला कळतं. कायदा म्हणतो घरच्यांनी नाकारलं किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मग ठेवायचं कुठे? कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं, पण अशा संस्था किती आणि आमच्याकडे खोळंबलेली माणसं किती. ओटीत, म्हणजे व्यवसायोपचारात, असा एक जण हातमागावर सतरंज्या विणतो, इतका हात बसलाय की नवीन येणाऱ्यांना तोच शिकवतो. त्याला आजार म्हणून आता महिन्याला डेपो इंजेक्शन, बास. माझ्यापेक्षा शांत माणूस आहे.

आणि दुसऱ्या टोकाचे नातेवाईक, 'साहेब, कायमचं ठेवून घ्या, पैसे किती ते सांगा'. नाही होत तसं. पेशंटच्या मर्जीविरुद्ध ॲडमिशन म्हटलं तर आधी जास्तीत जास्त ३० दिवस, पुढे वाढवायचं तर दोन सायकियाट्रिस्टनी वेगवेगळं तपासायचं आणि बोर्डाला, म्हणजे अशा ॲडमिशनवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्यातल्या मंडळाला, कळवायचं. हे सांगितलं की आमच्यावरच ओरडतात. त्यांचाही राग समजतो मला, घरी तीन रात्री कुणी झोपलेलं नसतं, म्हातारी आई मार खाऊन आलेली असते, आणि समोर मी कलम सांगतोय.

तर तुमच्यापैकी कुणाचं माणूस ॲडमिट असेल किंवा करायची वेळ आली तर थोडं सांगतो. आधी कुणाशी बोलायचं कळत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस आहे सरकारचं, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. येताना जुन्या गोळ्यांची पाकिटं सगळी आणा, रिकामी असली तरी, 'एक पांढरी अन् एक गुलाबी होती' ह्यावरून मला काही कळत नाही. कपडे त्याचे स्वतःचे आणा, युनिफॉर्मची सक्ती करता येत नाही, फक्त नाडीची पँट नको, इलास्टिकची. काचेची बरणी, सेफ्टी पिन, ब्लेड नको. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात. 'उद्या न्यायला येतो' असं यायचं नसताना सांगू नका, तुम्ही सुटता, तो दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिशवी भरून दारात उभा राहतो आणि त्याच्याशी बोलायचं मला असतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी येईन म्हणा आणि या.

तंबाखूची पुडी तर बिलकुल आणायची नाही. तो मागणारच, आणि 'ब्रदरने हो म्हटलंय' असं पण सांगणार. मी काही म्हटलेलं नाही.